जोडलेली वाक्यं

कमलिनीबाईंना तुटक लिहिलेलं मुळीच खपत नसे. नाशकात मराठी शिकवताना पोरांच्या निबंधांत लाल शाईनं 'म्हणून', 'तरीही', 'त्यामुळे' घुसवण्यात त्यांचा जन्म गेला. नवऱ्याच्या नोकरीपायी म्हैसूरला बोगादीत बिऱ्हाड आलं, तरी खोड काही गेली नाही. लोकांच्या लग्नपत्रिकासुद्धा त्या मनातल्या मनात तपासत.

त्यांचे ब्लाउज शिवणारे बन्नीमंटपचे विठ्ठलराव वारले, तेव्हा बाईंना फार वाईट वाटलं. परक्या गावात त्यांच्याशी मराठीत पहिल्यांदा बोलले ते विठ्ठलरावच. तेराव्याला वडिलांबद्दल चार शब्द वाचले जावेत, अशी त्यांची मुलगी अनुषा हिची इच्छा होती. घरात मराठी असली तरी लिहायची सवय कन्नडची, तेव्हा तिनं मराठी वाक्यं कन्नड लिपीतच उतरवली होती. बाईंना वाचून दाखवली, बाईंनी ती देवनागरीत उतरवून घेतली.

"तुम्हीच वाचा, टीचर," ती म्हणाली. "मी उभी राहिली की रडूच येतंय."

घरी येऊन बाईंनी कागद पुढ्यात घेतला. 'सुदीपअण्णा बेळगोळला कारखान्यात लागला. अप्पा दुकानात एकटे बसायचे. अप्पांनी मशीन बंद केली. जेवण कमी झालं. अप्पा गेले.' काय ही वाक्यं! एकाचा दुसऱ्याला पत्ता नाही. बाईंनी मायेनं ती जोडून दिली.

तेराव्याला विठ्ठलमंदिराच्या हॉलमध्ये पानं मांडली होती. अनुषाचा थोरला भाऊ सुदीप तांब्या घेऊन पाणी वाढत फिरत होता. बाई उभ्या राहिल्या आणि खणखणीत आवाजात वाचू लागल्या, "सुदीप कारखान्यात लागला, त्यामुळे अप्पा दुकानात एकटे पडले. म्हणून त्यांनी मशीन बंद केली. परिणामी जेवण कमी होत गेलं आणि अखेर अप्पा गेले."

सगळ्यांच्या नजरा सुदीपकडे वळल्या.

"सरी, बरोबर बोलल्या बाई," विठ्ठलरावांचे भाऊ दामोदरराव म्हणाले. "कुणीतरी तोंडावर सांगायलाच पाहिजे होतं."

सुदीपनं तांब्या खाली ठेवला आणि तो बाहेर निघून गेला.

अनुषा जवळ आली. "मी असं नव्हतं लिहिलेलं, टीचर."

"अगं, मी फक्त वाक्यं जोडली."

"जोडायला मलापण येतंय. अण्णासाठी सोडून दिलेलं मी."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या घरची रीत अशी, की तेराव्याला मुलानं पहिला घास घेतल्याशिवाय पंगतीत कुणी पानाला हात लावत नाही. पानांवरचा भात निवत चालला होता. सुदीपची आई सोयराबाई दाराकडे डोळे लावून बसली होती.

बाई चप्पल न घालताच बाहेर धावल्या. सुदीप आपल्या स्कूटरला टेकून उभा होता.

"बाळा, ते तुझ्या बहिणीचे शब्द नाहीत, माझे आहेत. मला मेलीला काय ठाऊक तुमच्या घरातलं? खोटं आहे ते सगळं. आत चल. आई उपाशी बसलीय."

"बेड, आंटी, नको." त्यानं मान हलवली. त्याचे डोळे भरून आले होते. "खोटं असतं, तर जेवलो असतो ना मी."