डाव्या बाजूचा डाग

त्या दिवशीच्या पहिल्या पेशंटचं नाव लोरेटा पॉवरने यादीत आधीच वाचलं होतं. तरी तो दारातून आत आला तेव्हा तिचा हात हातमोज्यांच्या खोक्यातच राहिला.

ऑगस्टीन कॅरीन. गावात त्याला या नावाने कोणी हाक मारत नसे. सगळ्यांचा तो गस. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर सरकारने कॉडची मासेमारी बंद केली, त्या साली इथली निम्मी तरणी माणसं पोटापाण्यासाठी पश्चिमेला गेली. गसही अल्बर्टात तेलाच्या कामावर गेला. जाताना त्याने दोन तिकिटं काढली होती. लोरेटाची आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली. निघायच्या दिवशी लोरेटा विमानतळावर गेली नाही, आणि का गेली नाही तेही तिने कधी कळवलं नाही. पुढे त्याचं लग्न झालं, मुलगी झाली, बायको वारली, हे सगळं तिला दुकानात नाहीतर चर्चच्या पायऱ्यांवर दुसऱ्यांच्या तोंडून कळत गेलं. तिने लग्न केलं नाही. आई गेल्यावर ती शिकली आणि दातांच्या दवाखान्यात लागली. लोकांचे दात साफ करायचे, तोंड तपासायचं, काही वेगळं दिसलं तर डॉक्टरांना दाखवायचं, हे तिचं काम.

"तू आहेस होय," गस म्हणाला. "मला वाटलं, कोणी नवी बाई असेल."

"बस. काय होतंय?"

"वडिलांचं घर विकायला आलोय. शुक्रवारी परत जायचं. पण ही खालची कवळी उजवीकडे चावतेय. काल चुलतभावाने कॉडच्या जिभा तळल्या होत्या, आणि मी आपला नुसता बघत बसलो."

लोरेटाने मास्क लावला. अर्धा चेहरा झाकला गेला म्हणून तिला बरं वाटलं.

माणूस कोणीही असो, तिचा क्रम ठरलेला होता. आधी ओठ, मग जबड्याखालच्या आणि मानेतल्या गाठी चाचपून बघायच्या, मग गाल, हिरड्या, टाळू, आणि शेवटी जीभ. मानेवर गळ लागल्याचा त्याचा जुना व्रण तिच्या बोटांना आपसूक सापडला. ती पुढे सरकली. उजवीकडे कवळीच्या तारेने जीभ कापली होती. मध्ये पिवळट, कडेला लाल, हाताला मऊ. बोट लागताच गस कळवळला.

"ही बरी होईल," ती म्हणाली.

गस उठायला लागला. तिने खांद्यावर हात ठेवून त्याला परत बसवलं, कापडाच्या घडीत जिभेचं टोक धरलं आणि जीभ हळूच दुसऱ्या बाजूला वळवली. डावीकडे, खालच्या अंगाला, नखाएवढा लाल डाग होता. मखमलीसारखा, त्यात पांढरे कण. एक बोट वर, एक खाली ठेवून तिने दाबून पाहिलं. आतलं मांस किंचित कडक लागलं.

"दुखतंय?"

त्याने मान हलवली. नाही.

दुखणाऱ्या जखमा ती रोज बघायची. हा डाग दुखत नव्हता, म्हणून तिने लगेच डॉक्टरांना बोलावलं.

डॉक्टर नोझवर्दी नावाची तरुण मुलगी आठवड्यातून दोन दिवस दवाखान्यात यायची. तिने डाग मोजला, नऊ मिलिमीटर. फोटो काढला. "कवळीची तार इथेही टेकतेय. घासून झालं असेल, तर कवळी काढून ठेवल्यावर दोन आठवड्यांत जाईल. नाही गेलं, तर तुकडा काढून तपासायला पाठवायचा."

"मी शुक्रवारी निघतोय."

"मग तिकडे दाखवा. पण दाखवाच," डॉक्टर म्हणाली आणि पुढच्या पेशंटकडे गेली.

लोरेटा हत्यारं गोळा करत होती. "तू तिकडे दाखवणार नाहीस," ती म्हणाली.

"तुला काय ठाऊक?"

"कवळी चावली नसती तर तू इथेही आला नसतास. दोन आठवडे थांब."

गसने तिच्याकडे नीट बघितलं. "हे दवाखान्याची बाई सांगतेय का लोरेटा?"

"दवाखान्याची बाई," ती म्हणाली. जरा जास्तच पटकन म्हणाली.

त्याने तिकीट पुढे ढकललं. कवळीशिवाय त्याला चावता येईना, आणि चुलतभावाच्या घरी सगळं तळलेलं. म्हणून दुपारी चारच्या सुमाराला तो लोरेटाकडे यायला लागला. ती वाटाण्याचं सूप करायची, नाहीतर खारवलेला मासा बटाट्यात मऊ कुस्करून द्यायची. खाऊन झालं की त्याला खिडकीपाशी बसवायची आणि बॅटरी लावून जीभ बघायची. तो निमूटपणे तोंड उघडायचा. त्याच्या दाढीचे खुंट पांढरे झाले होते. मनातल्या मनात ती म्हणायची, जाऊ दे हा डाग, जाऊ दे. आणि डाग गेला की हाही जाणार, हे दुसऱ्या क्षणी मनात यायचं. त्याची तिला लाज वाटायची.

सहाव्या दिवशी उजवीकडची जखम भरून आली.

"झालं की," गस म्हणाला. "आता सोड मला."

"डावीकडचं तसंच आहे."

"ते दुखत नाही."

"म्हणूनच म्हणते."

तो खुर्चीत मागे टेकला. "खरं सांग. तू मला डागासाठी ठेवून घेतेयस का तुझ्यासाठी?"

लोरेटाने बॅटरी बंद केली. "दोन्ही. पण डाग काही मी आणला नाही."

तो हसला. मग म्हणाला, "तेव्हा का आली नाहीस?"

"आईला आंघोळ घालत होते. समोर घड्याळ होतं. तुझं विमान सुटायची वेळ झाली तेव्हा तिचे केस पुसत होते."

"कळवायचं तरी."

"कळवलं असतं तर तू थांबला असतास. इथे काय करणार होतास? मासे होते कुठे?"

गस चमच्याने रिकामी वाटी खरवडत राहिला. "मी वर्षभर पत्राची वाट बघितली, बाई," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला सोपं गेलं असतं.

चौदाव्या दिवशी दवाखान्यात तिनेच डाग मोजला. नऊ मिलिमीटर. एक कणही कमी नाही. तो आकडा तिने लिहून ठेवला. मग हत्यारं धुवायच्या खोलीत जाऊन तिने नळ सोडला आणि पाणी वाहत असताना तशीच उभी राहिली.

सेंट जॉन्सच्या हॉस्पिटलात तीच त्याला घेऊन गेली, गाडीने तीन तास. तिथे जीभ बधिर करून तुकडा काढला, टाका घातला. अकराव्या दिवशी निकाल आला. कॅन्सर होता, पण लहान, आणि लवकर सापडलेला. डॉक्टर नोझवर्दी म्हणाली, आणखी सहा महिने गेले असते तर गोष्ट वेगळी झाली असती. अल्बर्टातल्या एडमंटनला त्याची मुलगी कोलीन राहायची. तिने तिकडच्याच हॉस्पिटलात ऑपरेशनची तारीख ठरवली.

"पोरगी बोलावतेय," गस म्हणाला.

"जा. ऑपरेशननंतर घरचं माणूस हवं."

'मीही येते' हे शब्द तिच्या ओठांपर्यंत आले होते. पण मुलीने बापाला बोलावलं होतं. लोरेटा नावाची कोणी बाई आहे हे तिला माहीतही नव्हतं. लोरेटाने ते शब्द गिळले.

"मला नंतर बोलता येईल ना?" त्याने विचारलं.

असलं विचारणाऱ्याशी ती खोटं बोलत नसे. "येईल. काही अक्षरं जड होतील. शिकवतात परत."

मग जायच्या आदल्या दुपारी गस तिच्या स्वयंपाकघरात बसून तीन तास बोलला. वडिलांच्या होड्यांची नावं, बर्फात गोठलेल्या तेलाच्या नळ्या, बायकोचं आजारपण, कोलीनचं पहिलं भांडण. एरवी दोन वाक्यांत आटपणारा माणूस, पण त्या दिवशी जीभ पूर्ण होती तोवर सगळं सांगून टाकावं असं त्याच्या मनात असावं. लोरेटाने मध्ये एकदाच उठून चहा केला. बाकी वेळ नुसती ऐकत होती, आणि त्याचं प्रत्येक स्वच्छ उमटणारं अक्षर तिला टोचत होतं.

जानेवारीत फोन आला. ऑपरेशनला सात आठवडे झाले होते.

"लोरेटा," तो म्हणाला, पण ल आणि र दोन्ही जिभेत अडकले. ओल्या लोकरीसारखं काहीतरी निघालं.

"बोल, गस."

"कापलेल्या भागाच्या कडा साफ निघाल्या म्हणतात, कॅन्सर उरला नाही. मानेतल्या गाठीही."

"गिळता येतंय? तोंड कोरडं पडतं?"

"दवाखान्यातलं काढू नकोस."

तिने पुढचा प्रश्न सोडून दिला.

"मेमध्ये पुढची तपासणी आहे," गस सावकाश, एकेक शब्द उचलून ठेवावा तसं म्हणाला. "ती बरी निघाली तर येईन म्हणतो. घर विकलेलं नाही अजून."

"का नाही विकलंस?"

"गिऱ्हाईक आलं होतं. मीच नको म्हटलं."

तिने बरं म्हटलं. त्याने निरोप घेताना पुन्हा एकदा तिचं नाव घेतलं. याही वेळी ते नीट आलं नाही.

फोन ठेवल्यावर लोरेटा थोडा वेळ खिडकीशी उभी राहिली. मग जीभ एका बाजूला दाबून धरत तिने, तो म्हणाला तसंच, आपलं नाव हळूच म्हणून बघितलं.