सत्त्याण्णव टक्के निकाली

नगरपालिकेच्या तक्रार विभागातल्या लिपिकाला सगळे निकालीभाऊ म्हणत. आलेली तक्रार खात्याकडे पाठवायची, ‘काम झाले’ असा शेरा आला की संगणकावर ‘निकाली’चं बटण दाबायचं, हे त्यांचं काम. नऊ वर्षं त्यांनी ते मन लावून केलं होतं. दर महिन्याला सत्त्याण्णव टक्के तक्रारी निकाली निघत. उरलेल्या तीन टक्के लोकांचं अक्षर लागत नसे.

मग नव्या मुख्याधिकारी बाई आल्या. पहिल्याच आठवड्यात त्या विभागात येऊन कपाटाला टेकल्या, कपाट हललं म्हणून सरळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “सत्त्याण्णव टक्के कामं होतायत, तर खाली लोक कुणाच्या नावानं ओरडतायत?”

“ते तीन टक्क्यांतले असतील, मॅडम.”

बाई हसल्या नाहीत. “उद्यापासून तक्रार बंद करण्याआधी फोन करायचा. काम झालं का, विचारायचं. माणूस हो म्हणाला तरच बटण.”

“आणि नाही म्हणाला तर?”

“तर काम झालेलं नाही.”

निकालीभाऊंनी ही व्याख्या पहिल्यांदाच ऐकली.

दुसऱ्या दिवशी यादीत पहिलीच तक्रार उघड्या गटाराची होती. नववी गल्ली, तीच तक्रार सातव्यांदा. त्यांनी नंबर फिरवला.

“नमस्कार, नगरपालिकेतून बोलतोय. गटाराचं झाकण बसलं का?”

“कोण, बाळ्या का रे तू?”

ती त्यांची सख्खी मावशी होती. तक्रारीवर नाव होतं, पण निकालीभाऊ नावं वाचत नसत, क्रमांक वाचत.

“मावशी, मला सांगायचं ना!”

“कशाला? लोक म्हणतील वशिला लावला. मी रीतसर अर्ज केला. सहा वेळा मेसेज आला, झाकण बसलं म्हणून. सहा वेळा चष्मा लावून बघून आले. मग तुझ्या काकांचा पाय गेला त्यात.”

“कधी?”

“झाले दोन महिने. प्लास्टर होतं. तुझी बायको येऊन भेटून गेली की. तू तेव्हा महिनाअखेर गाठत होतास म्हणे.”

निकालीभाऊंनी फोन ठेवला. बायकोनं सांगितलेलं त्यांना आता आठवलं. ते तेव्हा ‘हं’ म्हणाले होते. ते उठून गटार खात्याच्या मुकादमाकडे गेले.

मुकादम भडकला. “सहा वेळा झाकण बसवलंय, या हातांनी! चला, दाखवतो.”

स्कूटरवरून दोघं नवव्या गल्लीत पोचले. झाकण खरंच होतं. भोवती सिमेंटचे थरावर थर चढून ते रस्त्यापासून वीतभर वर आलं होतं. समोरचा शिंपी मशीन थांबवून बाहेर आला.

“अहो, आता पुरे करा. दर खेपेला चांगलं झाकण काढता आणि नवं बसवता.”

“मग कळवायचं नाही का?” निकालीभाऊ म्हणाले.

“कळवलं ना. तक्रार निकाली निघाली.”

घोळ तिथेच उलगडला. गावात नवव्या गल्ल्या दोन. मावशीनं अर्जात ‘नववी गल्ली, गिरणीच्या मागची’ असं लिहिलं होतं. पण संगणकाच्या त्या रकान्यात काना-वेलांट्या आणि मोकळी जागा धरून दहाच अक्षरं मावत. गिरणी बाहेर राहिली होती.

“मी आदेश पाळला,” मुकादम म्हणाला. “आदेशात गिरणी नव्हती.”

शिंप्याच्या दारातून काढलेली झाकणं गोदामात पडून होती. त्यातलं एक संध्याकाळच्या आत गिरणीमागच्या गल्लीत बसलं. वीस मिनिटं लागली.

त्यानंतर निकालीभाऊंनी महिनाभर रोज फोन केले. बहुतेक लोक नाही म्हणाले. काहींनी आणखीही बरंच काही म्हटलं. संगणकवाल्याच्या मागे लागून त्यांनी तो रकाना शंभर अक्षरांचा करून घेतला. महिनाअखेरीच्या बैठकीत त्यांचा आकडा वाचला गेला. एक्केचाळीस टक्के. पाणी खात्याचा प्रमुख खोकल्याच्या आडून हसला.

“एवढं कसं घसरलं?” बाईंनी विचारलं.

“घसरलं नाही, मॅडम. आधीही एवढंच असणार. मी विचारलं नव्हतं.”

बाईंनी ते वाक्य वहीत लिहून घेतलं आणि पाणी खात्याकडे वळल्या. “आता तुम्ही. फोन केलेत का?” प्रमुखाचा खोकला थांबला.

रविवारी निकालीभाऊ मावशीकडे गेले. काका काठी घेऊन ओट्यावर बसले होते. काय बोलायचं ते निकालीभाऊंनी रस्त्यात ठरवलं होतं, पण ऐनवेळी त्यातलं काही आठवेना.

“काका, पाय माझ्यामुळे मोडला.”

“छे रे. मीच मोबाईल बघत चाललो होतो.”

“खोटं बोलतायत,” मावशी आतून म्हणाली. “यांच्याकडे मोबाईल आहे कुठे?”

काकांनी काठी बाजूला केली आणि ओट्यावर जागा करून दिली. निकालीभाऊ बसले.