आरती संपू नये म्हणून

पुरुषोत्तमकाका भित्रे होते, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. शेजारणीचं कुत्रं भुंकलं तरी ते रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर जायचे. ऑफिसात मॅनेजरनं नुसतं ‘क्विक वर्ड’ म्हटलं की हे मनातल्या मनात राजीनामा लिहायला घ्यायचे. आणि हाच माणूस दर शनिवारी दुपारी लंडनच्या इल्फर्डमधल्या एका चर्च हॉलमध्ये पोरांना धाडसाच्या गोष्टी सांगायचा! आता बोला.

पोरं सगळी बिनबापाची. कुणाचे वडील देवाघरी, कुणाचे असून नसल्यासारखे. तिथल्या मराठी मंडळातल्या चार पुरुषांनी मिळून हा ‘शनिवारचा मारुती’ सुरू केला होता. टेबलावर मारुतीची तसबीर, आधी गोष्ट, मग आरती, मग प्रसाद. त्यानंतर कुणी सायकलचं पंक्चर काढायला शिकवायचा, कुणी टायची गाठ मारायला, कुणी पहिली दाढी करायला. जे बापानं शिकवायचं ते बाप नसेल तर काकांनी शिकवायचं, एवढं साधं होतं. हॉलमध्ये ज्योत लावायला बंदी होती, स्मोक अलार्म वाजला तर दंड, म्हणून तबकात निरांजन बॅटरीचं. तेही पुरुषोत्तमकाकांनीच शोधून आणलेलं. अलार्मला सगळ्यात जास्त तेच घाबरायचे ना!

नियम मात्र एकच, आणि तो कडक. आरती सुरू झाली की मध्येच कुणी निघायचं नाही.

त्या शनिवारी वीर आला तो पाठीवर काळी बॅग घेऊन. पंधरा वर्षांचं पोर, वडील रवी अचानक गेलेले, आई वैजयंती हॉस्पिटलात नर्स आणि शनिवारी हमखास ड्यूटीवर. एरवी हा आला की आधी प्रसादाचा डबा उघडून बघायचा. आज भिंतीला पाठ लावून बसला आणि बॅग काही काढेना. काकांनी त्याला किचनमध्ये नेलं, दार लोटलं.

“काय रे, बरं नाही का?”

“काका, मला लवकर जायचंय. गाडी येणार आहे मला घ्यायला.”

“कुणाची गाडी?”

वीरनं बॅगेचा पट्टा मुठीत धरला. मग सगळं बाहेर पडलं. “स्टफ आहे बॅगेत. काय ते मी नाय बघितलं, प्रॉमिस. ट्रेननं कार्डिफला न्यायचं आणि तिथे एका फ्लॅटमध्ये राहायचं, ते सांगतील तोपर्यंत. परीक्षितनं दिली बॅग. आधी त्यानं मला ट्रेनर शूज दिले, फोन दिला. मला वाटलं फ्रेंड आहे.”

“जायचं नाही. विषय संपला.”

“नाय गेलो तर ते आईकडे जाणार, काका! माझी आई कार कुठे पार्क करते, त्यांना माहीत आहे. फोटो दाखवला मला.”

काकांची पाचावर धारण बसली. ड्रग्ज पोचवायला वापरलेल्या अशा पोरांबद्दल त्यांनी पेपरात वाचलं होतं. कुठल्याशा गावी, कुठल्याशा फ्लॅटमध्ये पोरं कोंडलेली. सापडली तरी आईकडे मान वर करून बघत नाहीत. काही तर सापडतच नाहीत. त्या गाडीत हा एकदा बसला की गेला, हे त्यांना लख्ख दिसलं.

त्यांनी उदयला हाक मारली. उदय चौघांतलाच एक, बसड्रायव्हर, आवाज असा की मागच्या सीटवरचे झोपलेले उठावेत. त्यानं मागच्या दारात उभं राहून पोलिसांना फोन लावला आणि आत येऊन कुजबुजला, “येतायत. पण वेळ लागेल म्हणाले. तोवर पोराला बाहेर पडू देऊ नका.”

“कसा थांबवू? धरून?”

“धरून कसा थांबेल? आईचा जीव टांगणीला लावलाय त्याच्या. हिसडा मारून पळेल. तुम्हीच बघा काहीतरी.”

तुम्हीच बघा! पण बाहेर पोरं गोष्टीसाठी गोल करून बसली होती. काका बसले आणि गोष्ट सुरू केली. हर्णै बंदरावरच्या तांडेलाची, धुक्यात हरवलेल्या त्याच्या होडीची. एरवी झरझर पुढे जाणारी ती होडी त्या दिवशी जागची हलेना. जाळं किती मोठं, दोरखंड कसा वळतात, माशांची नावं काय. पोरं चुळबुळायला लागली. “काका, बोट कधी बुडणार?” एकानं विचारलंच.

तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. काचेच्या दारातून करडी गाडी दिसली. वीर उठला, बॅगेचे पट्टे घट्ट केले आणि दाराकडे वळला.

“आरती!” काका ओरडले. अहो, आवाज केवढा फाटला! “चला, उठा सगळे, आरती!”

तांडेल धुक्यातच राहिला. पोरं उभी राहिली, झांजा निघाल्या, उदयनं टाळी धरली. वीर दाराजवळ घुटमळला. सवय मोठी चिवट असते. काका तरातरा गेले आणि तबक त्याच्याच हातात दिलं. “धर. आज तू ओवाळ.” तबक हातात असलेला माणूस जाणार कुठे?

गणपतीची आरती झाली. शंकराची सुरू झाली तोच दार उघडून परीक्षित आत आला. काकांना वाटलं होतं, कुणीतरी राक्षस येईल. आला तो सतरा वर्षांचा, चेहऱ्यावर धड मिशी नाही की दाढी नाही असा पोरगा. त्यानं दारातच बूट काढले. अगदी आपोआप. मग वीरला मानेनं खूण केली, चल.

वीरनं हातातल्या तबकाकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं. काकांनी डोळे मिटले आणि देवीची आरती धरली.

प्रत्येक गणपतीत एक गृहस्थ असे असतातच की बाकीच्यांना भूक लागलेली असते आणि हे आपले संपली म्हणता म्हणता आणखी एक आरती काढतात. पुरुषोत्तमकाका आयुष्यभर अशा माणसावर चरफडले होते. आज ते स्वतः तसे झाले. देवीनंतर विठोबा, विठोबानंतर दत्त. पोरं एकमेकांना कोपरखळ्या मारून हसत होती, पण काकांचा चेहरा बघून तीही गप्प झाली. उदयच्या ध्यानात आलं आणि त्यानं असा काही सूर लावला की खिडक्या थरथरल्या. परीक्षितच्या खिशात फोन गुरगुरत होता. तो काढायचा, बघायचा, परत ठेवायचा. पण मध्ये शिरून वीरचा हात काही त्यानं धरला नाही.

मारुतीची झाली. रामाची झाली. भीतीनं काकांच्या डोक्यात काही उरलं नाही. त्यांनी परत गणपतीची धरली.

“काका, ही झाली ना!” सगळ्यात छोट्या पोरानं मोठ्यांदा सांगितलं.

झांजा थांबल्या. बाहेर हॉर्न लांबलचक वाजला. वीरनं तबक खाली ठेवायला टेबल शोधलं. काकांना काही म्हणजे काही सुचेना. संपलं, त्यांना वाटलं, पोर हातचं गेलं.

आणि परीक्षित गायला लागला.

खंडोबाची आरती. हॉलमध्ये कुणालाच येत नव्हती. उच्चार इंग्रजी वळणाचे, मधले शब्द गाळलेले, पण चाल पक्की. कुठल्यातरी आजीनं मांडीवर घेऊन शिकवलेली असावी. डोळे गच्च मिटून, मुठी आवळून तो गात होता, आणि काकांना कळलं की या पोरालासुद्धा त्या गाडीत परत जायचं नाहीये. तो वीरपेक्षा जास्त घाबरलाय. काकांनी झांज उचलली आणि अंदाजानं ताल धरला.

दार धाडकन उघडलं. आत आला तो माणूस रुंद खांद्यांचा, बूट पायात तसेच, आणि तोंडावर हसू. ते हसूच फार वाईट होतं.

“बोथ ऑफ यू,” तो म्हणाला. “कार. नाऊ.”

परीक्षितचा आवाज तुटला. आता काकांचं काय झालं ते त्यांनाही नंतर नीट सांगता आलं नाही. त्यांनी वीरच्या हातातलं तबक घेतलं आणि दोन्ही पोरांच्या पुढे जाऊन उभे राहिले. तबकात हळदीकुंकवाच्या वाट्या खडखडत होत्या, इंग्रजी तर साफ पळून गेलं होतं.

“आरती घ्या,” ते त्या माणसाला मराठीत म्हणाले.

त्यानं तबकालाच धक्का मारला. कुंकू काकांच्या शर्टभर उडालं, वाट्या घरंगळत गेल्या. काका मागे भेलकांडले, पण बाजूला झाले नाहीत. त्यांच्या पाठीशी उदय आला, मग एकेक करून पोरं. माणूस हसायचा थांबला. काकांचा चेहरा त्यानं नीट, सावकाश बघून घेतला. “आय नो वेअर यू आर एव्हरी सॅटर्डे,” तो म्हणाला. तेवढ्यात काचेवर निळा उजेड फिरला आणि तो पळाला. रस्त्यावर टायर किंचाळले, आरडाओरडा झाला.

दोन पोलीस आत आले. बॅग कुणाची, असं त्यांतल्या बाईनं विचारलं. वीर पांढराफटक पडला.

“मी दिली त्याला,” परीक्षित इंग्रजीत म्हणाला. “आत काय आहे ते त्याला माहीत नाही. मला माहीत आहे.”

तिनं त्याचं वय विचारलं. स्टेशनवर सोबत यायला कुणी मोठं माणूस आहे का, वडील? नाहीत. आई? ती सोडून गेली. आजी आहे, पण तिला गुडघ्यांमुळे जिना उतरवत नाही. पोलीसबाई हॉलभर बघत राहिली.

काकांना आयुष्यात कधी पार्किंगचा दंडसुद्धा झालेला नव्हता. पोलिसांची गाडी, पोलिसांचं स्टेशन, आणि त्या माणसानं तोंड बघून ठेवलेलं! गप्प राहणं किती सोपं होतं. वीर वाचला होता. त्याच्या आईकडे उदय जाणारच होता.

“मी येतो,” काका म्हणाले.

“तुम्ही याचे कोण?”

“अंकल.”

आत बसू देतील की नाही सांगता येत नाही, कदाचित रात्रभर बाहेरच्या बाकावर बसावं लागेल, ती म्हणाली. बसतो, काका म्हणाले. ते दाराशी बूट घालायला वाकले, पण हात इतके कापत होते की लेस बांधताच येईना. परीक्षित त्यांच्यापुढे गुडघ्यावर बसला आणि त्यानं दोन्ही बुटांच्या लेस नीट बांधून दिल्या.

“तुम्ही मला ओळखत पण नाय, काका,” तो खाली बघतच म्हणाला.

“नाही ओळखत,” काका म्हणाले. “गाडीत माझ्या शेजारी बस. मला भीती वाटतेय.”