आवाज दिसणारी पट्टी

रश्मीनं पुन्याहून आनलेली दिव्यांची पट्टी बघून माझं डोस्कंच फिरलं. बुद्धपौर्णिमा तोंडावर आलेली, आन् ह्या पोरीनं भिताडावरच्या बुद्धाच्या तसबिरीभोवती ती चिकटवून ठिवली! हळू बोललं की निळी पेटती, मोठ्यानं बोललं की लाल हुती, गप बसलं की इझती. मी म्हन्लं, "अगं भवाने, घर हाय का डीजेची गाडी? काढ ते!"

"एलईडी हाय आई. आवाजावर चालती. राहू दे की चार दिस."

"चार दिस न्हाई. उद्या सकाळी काढायची."

तिचे वडील ओट्यावर बसले हुते. त्यांच्या कानावर ह्यातलं काहीच गेलं न्हाई. कोपरगावकडं साखर कारखान्यात उसाच्या चरकापाशी उभी हयात गेली, कान तिथंच राहिले. कानाचं मशीन घेऊन दिलं तर म्हनत्यात, शिट्ट्या मारतंय. ते कपाटात पडलंय. पडू दे. पन सांजची वंदना आमी लगीन झाल्यापासनं जोडीनं म्हनत आलो, ती त्यांनी वरीस झालं सोडली हुती. मी म्हनायला लागले की उठून बाहेर जायचे. मला वाटायचं, म्हातारपनी ताठा आलाय. लई भांडले मी, भिताडाशी भांडावं तसं. लई एकटं वाटायचं.

त्या सांजंला मी मेनबत्ती लावली, हात जोडले, म्हनायला लागले. माझ्या आवाजासंगं पट्टी पेटायची, दम घ्यायला थांबले की इझायची. हे नेहमीसारखे उठले, दारापतुर गेले, आन् वळून बघत उभे राहिले. मंग माघारी आले. माझ्या शेजारी मांडी घातली, पट्टीवर नजर लावली आन् ओठातल्या ओठात म्हनायला लागले. कुठं थांबायचं, कुठं लांबवायचं, समदं माझ्याबरूबर. येक अक्षर पुढं न्हाई की मागं न्हाई.

वंदना झाल्यावर मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं. "मंग येवढे दिस उठून का जात हुता?"

ते खाली बघत म्हनले, "तू थांबलीस तरी मी म्हनतच राहायचो. मागच्या बुद्धपौर्णिमेला विहारात लोक हसले. तुझ्या शेजारी बसून चुकायची लाज वाटायची, सुमन."

"वरीसभर हे पोटात ठिवलं?" मी उठून उभीच राहिले. "मी काय परकी हाय? येका शब्दानं सांगता येत नव्हतं? मी काय हसले असते का तुमाला?"

पट्टी लालभडक झाली. ह्यांनी तिच्याकडं बघितलं, मंग माझ्याकडं, आन् लहान पोरावानी हसले.

"लई दिसांनी तू मला रागावलेली कळलीस," म्हनले. "थांबू नको. आजून वरड."

माझ्या डोळ्याला पदर लागला. तेवढ्यात रश्मी आतून म्हनती कशी, "आई, सकाळी काढायचीय ना पट्टी?"

"हात तर लावून बघ तिला!" मी वरडले, आन् भिताड परत लाल झालं.