मोदकांना दिलेली माझी जागा

मी एक जुनी पाचर आहे, मित्रांनो. लाकडाची नव्हे, बर्फाची. आणि आधीच सांगते, मी रागावलेली आहे. गोडगोड ऐकायचे असेल त्याने दुसरीकडे जावे.

माझा जन्म सायबेरियाच्या अगदी उत्तरेला झाला. तिथली जमीन खोलवर कायमची गोठलेली असते. हिवाळ्यात थंडी एकाएकी वाढली की ती गोठलेली जमीनही आकसू लागते. पण चहूकडून जखडलेली ती, सरकणार कुठे? ताण वाढत जातो आणि एके दिवशी बंदुकीचा बार व्हावा तशी ती फुटते. भेग पडते केसाएवढी, पण खोल, माणसाच्या उंचीहूनही खोल. वसंतात वरचे हिम वितळते, पाणी त्या भेगेत उतरते आणि खालच्या थंडीने तिथेच गोठते. ती पहिल्या वर्षाची मी!

पुढे जमीन पुन्हा फुटली, तीही माझ्याच मधून, कारण तिथेच ती कच्ची. पुन्हा पाणी, पुन्हा बर्फ. दर फुटीला एक पातळ उभी पट्टी वाढली. म्हणून माझी सर्वांत जुनी वर्षे दोन्ही कडांना आणि नवी मधोमध. हजारो वर्षे अशी मी वाढले, वर रुंद, खाली निमुळती. माझ्या बहिणी आणि मी एकमेकींना जोडल्या गेलो, तेव्हा वरून पाहणाऱ्याला ती जमीन मधमाश्यांच्या पोळ्यासारखी दिसू लागली. फुटण्यातून नक्षी काढणारा तो विधाता केवढा!

तिथून माझा एक आडवा तुकडा, पावाच्या लादीएवढा, नीलांबरीने कापून आणला. ही जर्मनीतल्या एर्लांगेनमधली संशोधक. तिच्या संस्थेच्या केलरमध्ये, म्हणजे तळघरात, मोठ्या डीप फ्रीजरमध्ये मला जागा मिळाली. काय कौतुक होते माझे! माझ्यामागे दिवा धरून ती विद्यार्थ्यांना पट्ट्या दाखवी आणि म्हणे, “कडा तपासायच्या राहिल्यात. ही पहिल्यांदा कधी फुटली, ते त्यांतूनच कळेल.”

मग २००६ चा गणेशोत्सव आला. तिथल्या मराठी मंडळातल्या बायकांनी उकडीचे मोदक करून आईस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांत भरले. ते डबे घेऊन शनिवारी दुपारी नीलांबरीचा नवरा शशिधर तिच्यासोबत केलरमध्ये उतरला.

“अरे, इथे खायचं ठेवायला सक्त मनाई आहे. हाउसमाइस्टरनं पाहिलं तर?”

“शनिवारी कुठला हाउसमाइस्टर! रखवालदारालाही सुट्टी असते. उद्या सकाळी उचलू. घरच्या फ्रीजरमध्ये मुंगी शिरणार नाही आता.”

“आल्झो, बरं तर, पटकन. पण ही पाचर?”

“दोन मिनिटं टेबलावर ठेव गं. डबे लावतो, मग वर ठेवू तिला.”

तेवढ्यात फोन वाजला. शशिधरचे श्रीपादकाका, सांगलीचे कीर्तनकार, उत्सवात कीर्तन करायला आले होते. ते लवकरच्या गाडीने शेजारच्या न्युर्नबर्गला पोहोचून प्लॅटफॉर्मवर एकटेच उभे होते. झाले! दोघांची धावपळ उडाली. झाकण बंद, दिवा बंद, दार बंद.

मोदक आत. मी बाहेर.

ज्यांना घरच्या साध्या फ्रिजमध्येही एक रात्र काढता आली असती, त्यांना माझी जागा! ज्यांनी उद्या पोटात जायचे, त्यांच्यासाठी हजारो वर्षे टेबलावर! बर्फ कडेपासून वितळते, मित्रांनो. माझे बालपण आधी गेले. थेंब थेंब फरशीवर पडत होते आणि ओरडायला मला तोंड नव्हते.

सकाळी तिघे आले. सून काम करते ती जागा काकांना पाहायची होती. नीलांबरीने दिवा लावला आणि ती टेबलाकडे धावली. टेबलावर तळहाताएवढी मी उरले होते.

“पुसून घेऊ गं. फडकं कुठंय?” शशिधर म्हणाला.

पुसून! त्या शब्दाने मी पेटायचीच राहिले.

“काय सांडलं, सूनबाई?” काकांनी विचारले. तिने सगळे सांगितले, भेगेपासून मोदकांपर्यंत. काका ओल्या फरशीपाशी वाकले.

“म्हणजे देवानं एवढी वर्षं लिहीत आणलं, आणि आपण ते त्याच्याच नैवेद्यापायी सांडलं?”

“अहो काका, चुकून झालं. साठ माणसं यायचीत संध्याकाळी,” शशिधर म्हणाला.

“मग माणसांना वाढ की मोदक! देवापुढे मांडू नकोस. त्याला गूळखोबरं पुरे.”

“आणि मंडळाला काय सांगू?”

“मी सांगतो. आजचं आख्यान मिळालं मला.”

“माझं नाव घेऊन?” शशिधरचा आवाज खाली आला.

“गेनाऊ, अगदी नाव घेऊनच,” नीलांबरी डोळे पुसत म्हणाली.

काकांनी मला पदराने झाकावे तसे उपरण्यात धरले आणि फ्रीजरमध्ये ठेवले. भला माणूस! पण त्याने माझा राग गेला असे समजू नका.

मित्रांनो, ‘दोन मिनिटं’ म्हणून कुणाला त्याच्या जागेवरून उठवू नका. उठवलेच, तर परत ठेवल्याशिवाय फोन उचलू नका. माझ्या कडा गेल्या. मी पहिल्यांदा कधी फुटले हे विधात्याला ठाऊक आहे. नीलांबरीला ते माझ्याकडून आता कधीच कळणार नाही.