घड्याळजींचा डावा डोळा

घड्याळजींचा उजवा डोळा काचबिंदूने नेला. खरं तर विसराळूपणाने. रोज टाकायचे थेंब ते तीन दिवसांतून एकदा टाकत. आता भिंग लावायला डावा तेवढा उरला होता.

म्हणून डॉक्टरीणबाईंनी डाव्यात इंजेक्शन दिलं. "यात औषध भरलेले नॅनोकण आहेत, काका. डोळ्याला दिसणारही नाहीत इतके बारीक. आत बसून थोडंथोडं औषध सोडत राहतील. चार महिने थेंब बंद."

"सोडतायत हे कळणार कसं?"

"डोळ्यातला दाब मोजून."

घड्याळजींना पटलं नाही. मागचं झाकण उघडून चक्र फिरताना बघितल्याशिवाय त्यांनी आजवर कुणाच्या घड्याळावर विश्वास ठेवला नव्हता. हे कण कामाला लागलेत की नुसते बसून आहेत, कुणी बघितलंय? त्यांनी गुपचूप थेंब चालू ठेवले. गंमत अशी, की टाका म्हणत होते तेव्हा वर्षानुवर्षं विसरले. टाकू नका म्हटल्यावर एक दिवस चुकला नाही.

दोन महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी दाब मोजला. पुन्हा मोजला.

"फारच खाली गेलाय. हे इंजेक्शन तुम्हाला जास्त होतंय, काका. पुढचं नको. परत थेंबांवर जाऊ."

सोबत आलेल्या बायकोचा चेहरा उतरला. थेंबांवर म्हणजे यांच्या आठवणीवर. म्हणजे डावाही गेल्यात जमा. तिने नवऱ्याकडे निरखून पाहिलं. ते टक लावून पंखा बघत होते, आणि पंखा बंद होता.

"अहो, इकडे बघा. काय केलंत?"

"मी कुठं काय..."

"खिसा दाखवा."

बाटली टेबलावर आली.

"म्हणजे दोन्ही चालू होतं?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मग मी आत्ता मोजलं ते कुणाचं काम? आता महिनाभर एकही थेंब नाही. दर आठवड्याला यायचं. मला ते कण एकटे काय करतात ते बघू दे, मग पुढच्या इंजेक्शनचं ठरवू. चोरून टाकलेत, तर मात्र मला काहीच कळणार नाही."

बायकोने बाटली पर्समध्ये टाकली. "चला."

घड्याळजी उठले नाहीत.

"एक दुकानात आहे," ते म्हणाले. "गल्ल्यामागे."

"बरं."

"आणि एक तुझ्या शिवणाच्या डब्यात."