दुसऱ्या खिडकीचं खापर

मी एक जुना, चित्रं काढणारा प्रोग्राम आहे. जुना म्हणजे किती, तर नऊ वर्षांचा. माणसांत या वयाला अजून दुधाचे दात पडत असतात. आमच्यात मात्र लोक तोंडावर विचारतात, "अजून चालतो का हा?" विचारू देत. पण मित्रांनो, आज मी रागावलेलो आहे आणि राग कशाचा ते सांगितल्याशिवाय गप्प बसणार नाही.

मला ताईने लिहिलं. दिवसा ती नकाशे काढणाऱ्या कचेरीत काम करायची आणि संध्याकाळी, ताटं उचलून झाली की जेवणाच्या टेबलावर बसून मला वाढवायची. माझं काम सोपं आहे. 'इथे वर्तुळ काढ, निळं कर, हळूहळू मोठं कर' असं चार ओळींत लिहिलं की मी तसं करून दाखवतो. चित्र दिसायचं माझ्या खिडकीत. खिडकी एकच होती. घरात एकच मूल असलं की त्याला नावाने हाक मारावी लागत नाही, 'चल जेवायला' म्हटलं तरी भागतं. तसंच माझ्या ओळींत खिडकीचं नाव कुठेच नव्हतं. खिडकी उघडली की मी जागा, मिटली की मी झोपलो.

पुष्कळ काम केलं मी. शाळेतल्या मुलांनी माझ्याकडून फिरत्या चकत्या काढून घेतल्या. दातांच्या एका डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या पेशंटसाठी माझ्याकडून मासे पोहवून घेतले. ते मासे बघून रडणारी मुलं गप्प होतात, असं डॉक्टर ताईला फोन करून सांगायचे. तेव्हा मला कोणी जुना म्हणत नव्हतं.

मग नाच शिकवणाऱ्या बाई आल्या. त्यांना नाचणारीच्या मागे पडद्यावर लाटा हव्या होत्या. ती वळली की लाट उठायला हवी. लाटा कमीजास्त करणार होते रंगमंचावरचे दिवे सांभाळणारे काका. पण त्यांच्या हाताखालची बटणं प्रेक्षकांना दिसून कसं चालेल? म्हणजे दोन खिडक्या हव्यात. काकांच्या लॅपटॉपवर बटणांची छोटी आणि पडद्यावर लाटांची मोठी. मागणी रास्त होती, तिच्यावर माझा मुळीच राग नाही.

नेमकी ताई जिन्यावरून घसरली आणि तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. म्हणून काम आलं तिच्या धाकट्या भावाकडे. हुशार आहे तो, नाही म्हणत नाही. पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! मला न वाचताच त्याने एका दुपारीत दुसरी खिडकी चिकटवली. मग काय, लाटा आल्या बटणांच्या डोक्यावर. मला सांगितलं होतं 'इथे काढ'. इथे म्हणजे कुठे, ते कोणी सांगितलं होतं? त्याने तेवढ्यापुरतं ठिगळ लावलं. मग बटणांची छोटी खिडकी बंद करून पाहिली, तर मोठीही गेली. खिडकी मिटली की झोपायचं, हे मला नऊ वर्षं शिकवलेलं. मी झोपलो.

हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, मित्रांनो! आणि म्हणाला काय, "कोण कशाला बंद करतंय ती?"

आतल्या खोलीतून ताईने विचारलं, "सगळ्या ओळी बघितल्यास ना रे?"

"हो गं, बघितल्या."

धडधडीत खोटं. मला तोंड असतं तर तिथेच बोललो असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तालीम होती. काका तीस वर्षं दिवे सांभाळतात. सभागृहात अंधार झाला की आपल्याजवळचा उजेड आधी विझवायचा, नाहीतर तो पुढच्या रांगेच्या डोळ्यांवर येतो, ही त्यांच्या हाताला लागलेली सवय. छोट्या खिडकीचा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर पडला होता. त्यांनी ती बंद केली. पडदा काळा झाला. नाचणारी एका पायावर गिरकी घेत होती, ती धडपडली आणि खालीच बसली.

"परवा प्रयोग आहे, आणि हे असं?" बाई ओरडल्या.

भाऊ म्हणाला, "ताईचा प्रोग्राम फार जुना झालाय हो. कधी काय करेल, नेम नाही."

"मग काढून टाक तो! परवापर्यंत नीट झाला तर ठीक, नाहीतर मी रंगवलेला पडदा लावते."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच! नऊ वर्षांत मी एकदाही सांगितल्यापेक्षा वेगळं केलं नाही. त्या सकाळीही नाही. माझा आज्ञाधारकपणाच माझा गुन्हा ठरला. आणि ताईचं नऊ वर्षांचं काम दोन दिवसांत कचऱ्यात जाणार होतं.

घरी आल्यावर ताईने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तू घरी ती खिडकी बंद करून बघितली होतीस?"

भाऊ चपला काढायला वाकला.

"बोल की."

"हो. पण मला वाटलं, कोण बंद करणार..."

"बस इथे."

ती डाव्या हाताने ओळ दाखवायची, तो टाईप करायचा. एकशे त्रेसष्ट ठिकाणी मी खिडकी एकच आहे असं धरून चाललो होतो. प्रत्येक ठिकाणी ताई विचारायची, "ही कुठली?" दुपारचा चहा झाला, संध्याकाळचा झाला. भाऊ कंटाळून म्हणाला, "जुन्या चित्रांचं काय करायचं? त्यात खिडकीचं नावच नाही. लोकांना सांगू, परत लिहा."

"डॉक्टरांनी काय दात सोडून मासे परत लिहायचे? ज्या चित्राला नाव माहीत नाही, ते पहिल्या खिडकीत जाईल."

हे ऐकून मला किती बरं वाटलं, ते सांगता येत नाही. माझ्या जुन्या माणसांची आठवण कोणीतरी ठेवली होती.

शेवटी राहिलं खिडकी बंद करणं. भाऊ म्हणाला, "काकांना मी बजावून सांगतो."

"सांग. पण तीस वर्षांची सवय सांगून जाते होय? शेवटची खिडकी मिटेपर्यंत याला झोपू द्यायचं नाही."

प्रयोगाच्या दिवशी काकांना तीनदा सांगितलं आणि काकांनी तीनदा मान डोलावली. सभागृहात अंधार झाला आणि त्यांचा हात गेलाच. छोटी खिडकी मिटली. मागे उभ्या भावाने डोकं धरलं. पण पडद्यावर माझ्या लाटा चालूच होत्या. नाचणारीने गिरकी पूर्ण केली. काकांनी जीभ चावली आणि एक बटण दाबून छोटी खिडकी परत आणली.

टाळ्या संपल्यावर बाई धावत आल्या. "बरं झालं बाबा, नवीन आणलास! तो जुना एकदाचा गेला!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ताई प्लास्टरचा हात सांभाळत शेजारीच उभी होती. तिने भावाकडे बघितलं.

"जुनाच आहे, बाई," भाऊ म्हणाला. "त्या दिवशी पडदा काळा झाला तो माझ्यामुळे. असं होतं हे मला घरीच कळलं होतं."

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

त्याने कान पकडले. आणि पुन्हा माझ्याकडे बोट दाखवलं नाही.

मित्रांनो, तुम्हीही उद्या कशाला तरी काहीतरी नवीन जोडाल. जरूर जोडा. पण जोडण्याआधी जुनं नीट वाचा. आणि बिघडलंच, तर ज्याला तोंड नाही त्याच्या माथी खापर फोडू नका.

आता मला दोन खिडक्या आहेत. डॉक्टरांचे मासे मात्र अजून पहिलीतच पोहतात. या सगळ्यातलं त्यांना काहीच कळलेलं नाही.